पाटीवाला दत्तू

कर्जत स्टेशनबाहेरच्या गाडीवर आमचा दत्तू ठोंबरे वडा एका कागदात घेतो, पाव दुसऱ्या कागदात आणि चटणी तिसऱ्या पुडीत. मग बाकड्यावर ऐसपैस बसून तो पाव उघडून आत बघतो, वडा अर्धा मोडून आत बघतो, चटणी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावतो आणि तिघांबद्दल खात्री पटली की त्यांची गाठ घालून देतो. तोवर माझं खाऊन झालेलं असतं आणि नुसता राग शिल्लक असतो.

"अरे, सगळी दुनिया वडापाव खाते!" मी एकदा ओरडलो. "तू एकटाच वडा आणि पाव खातोस!"

"आधी प्रकार बघायचा, सुऱ्या," तो शांतपणे म्हणाला. "मंग एकत्र करायचं. उलटं केलंस तर बोंबललास."

"आधी प्रकार बघायचा" हे दत्तूचं पालुपद. सकाळी उठल्यावर लोक देवाचं नाव घेतात, हा बहुधा हेच म्हणत असावा. एकदा त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही चौकला गेलो होतो. पोहे आले, चहा आला, मुलीच्या मामांनी घसा खाकरून विचारलं, "पगार काय म्हणायचा?" दत्तू म्हणाला, "हातात येतो तो, की कागदावर असतो तो? आधी प्रकार सांगा." आम्ही उरलेले पोहे न खाताच निघालो. तेव्हापासून त्याच्यासाठी मुली बघणं आम्ही सोडून दिलं आणि त्यानेही कधी विषय काढला नाही.

दत्तू आणि मी भिसेगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढे फोटो स्टुडिओ टाकला, आता लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. दत्तू कॉम्प्युटर शिकला, बाहेरगावी नोकरी करून परत आला आणि आता घरूनच काम करतो. रसायनीकडच्या एका कारखान्यात पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या सरकत जातात. वर कॅमेरा बसवलेला असतो. कुठल्या बाटलीचं झाकण वाकडं बसलंय ते त्या कॅमेऱ्याने ओळखायचं आणि ते ओळखायला त्याला दत्तूने शिकवायचं. म्हणजे आम्ही दोघंही फोटोंवरच जगतो. फरक इतकाच की माझ्या फोटोतल्या बायका "मी जाडी दिसतेय" म्हणून भांडायला येतात, त्याच्या बाटल्या येत नाहीत.

"फोटो म्हंजे काय रं?" तो मला शिकवतो. मी वीस-पंचवीस वर्षं फोटो काढतोय, हे तो सोयीस्करपणे विसरतो. "नुसते आकडे. एकेका ठिपक्याला एक आकडा. शून्य म्हंजे काळं, दोनशे पंचावन्न म्हंजे पांढरंफेक. मधले सगळे करडे."

इथवर ठीक. पण हे आकडे म्हणे वेगवेगळ्या प्रकारांनी ठेवता येतात. कुठे पूर्णांक, कुठे दशांश. आणि फोटोंवर काम करायची तयार हत्यारं ज्या पेटीत मिळतात, तिला हे लोक लायब्ररी म्हणतात. त्यातल्या प्रत्येक हत्याराचा हट्ट असतो. एकाला पूर्णांकच लागतात, दुसऱ्याला दशांशच. चुकीचा प्रकार घातला की ते काम करायचं नाकारतं. ओला तांदूळ घेऊन गेलात तर गिरणीवाला हाकलून देतो ना, तसं. दत्तूचा निम्मा जन्म या हत्यारांच्या मनधरण्या करण्यात गेला आणि मग तीच खोड घरात शिरली.

त्याच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. चणे, वाल, मूग यांच्या फळीवर "पूर्णांक", कारण ते मोजता येतात. पीठ, हळद, तिखट यांच्या फळीवर "दशांश". रव्याचा डबा बरेच दिवस ओट्यावर तसाच पडून होता. मी विचारलं तर म्हणाला, "विचार चाललाय." त्याची बहीण खालापूरहून आली, तिने तो डबा उचलला आणि खिडकीत ठेवला. म्हणाली, "ह्याचं लगीन का झालं नाय, ते आता मला नीट समजलं."

असा हा माणूस स्वतः मात्र चुकत नाही, असं समजू नका. एका वर्षी आमच्या आळीच्या गणपतीत मी सगळ्या कार्यकर्त्यांचा फोटो काढला. आभाळ भरलेलं होतं म्हणून तो जरा काळपट आला. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता, हे मी आजही सांगतो. दत्तू म्हणाला, "दे, उजळून देतो." दिला. त्याने प्रत्येक आकड्यात थोडी भर घातली आणि फोटो थेट आळीच्या ग्रुपवर पाठवला. पाच मिनिटांत तात्या पाटील माझ्या स्टुडिओच्या पायरीवर हजर.

"माझी टोपी कुनी काळी केली?"

बघतो तर काय, सगळ्यांच्या टोप्या काळ्या, सगळ्यांचे दात काळे, गणपतीच्या सोंडेवर काळे डाग आणि मंडळाच्या खजिनदारांचं टक्कल डांबर ओतल्यासारखं. जे जे पांढरं होतं ते ते काळं! मी तात्यांना घेऊन दत्तूकडे गेलो.

"हां," दत्तू खुशीत म्हणाला, "गाडी पुढं गेली! तात्या, तुमच्या जुन्या स्कूटरचा आकडा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढं गेल्यावर काय झालं होतं?"

"परत शून्यावर आला होता."

"तसंच हाय. ह्या डब्यात दोनशे पंचावन्नच्या वर जागाच नाय. तुमची टोपी आधीच लई पांढरी होती. मी आनखी भर घातली, ती सांडून परत पहिल्यापासनं सुरू झाली. आधी मोठ्या डब्यात घ्यायला पायजे होतं. मी प्रकार बघितला नाय."

टोपी जास्त पांढरी होती म्हणून काळी झाली, हे ऐकून तात्या विरघळले. चहा पिऊनच गेले. घरी जाऊन बायकोला शाबासकी दिली म्हणतात.

"पन ही चूक वाईट," ते गेल्यावर दत्तू मला म्हणाला. "ओरडनारी चूक बरी. लाल अक्षरात सांगते तरी, बाबा तू हितं हितं माती खाल्लीस. ही गप चूक. काय बोलत नाय, नुसतं काळं करून मोकळी."

आता हिराआत्याबद्दल सांगायला हवं.

हिराआत्या ही दत्तूची सख्खी आत्या. पळसदरीला धरणाच्या अंगाला तिचं घर. नवरा फार पूर्वी गेला, मूल नाही. पण कर्जत-खालापूर पट्ट्यातलं जुनं कुठलंही घर घ्या, तिथलं निदान एक लग्न तिने लावलेलं असणार. आत्या धवलारीण. आमच्याकडे लग्नात ब्राह्मण असो नसो, धवले गाणारी म्हातारी हवीच. हळदीपासून ती गाण्यातून एकेक विधी सांगते आणि बायका तिच्या मागून ओळ उचलतात. आत्याची खासियत अशी की हळद लावायला जे जोडपं पुढे येईल त्याचं नाव, नातं ती जागच्या जागी गाण्यात ओवायची. अमक्याची काकी, तमक्याचा मावसा, कधी कुणी सुटलं नाही. माझ्याही हळदीला तिने गायलं आहे. माझ्या चुलत्याचं नाव गाण्यात आलं तेव्हा आयुष्यभर हिशेबी राहिलेला तो माणूस मांडवात रडला होता.

मग आत्याचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाहीत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. चष्म्याचा उपयोग नाही, ऑपरेशनचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मानूस दिसतो रं," आत्या म्हणायची, "वरचं मुंडकंच दिसत नाय." तरी ती रेटून नेत होती. पण एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका आणि काकी पुढे आले आणि आत्याने काकांबरोबर त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव गुंफलं. ती बाळंतपणात गेलेली. मागच्या बायकांनी सवयीने ओळ उचलली आणि अर्ध्यातच थांबल्या. जी काकी समोर उभी होती ती हातातली हळद तशीच ठेवून मांडवाबाहेर गेली. आत्याला कुणी एक शब्द बोललं नाही आणि तेच तिला लागलं. त्या दिवसापासून तिने गाणं बंद केलं.

अशात दत्तूच्या भाचीचं, पूजाचं लग्न ठरलं. पूजाने हट्ट धरला, हळदीला हिराआजीच पाहिजे. पूजाचे वडील, म्हणजे दत्तूचे भावजी, म्हणाले, डीजे सांगून झालाय, म्हातारीला कशाला त्रास? आणि आत्या तर हातच जोडायला लागली. "नको गं बाय. तुज्या मांडवात मी आनखी कुनाचं मेलेलं मानूस उठवीन." पूजा रडत परत गेली. दत्तू तिथेच होता. दुसऱ्या दिवशी त्याने कामावरून रजा घेतली. त्याने रजा घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तापात असताना त्याने बाटल्या तपासल्या होत्या.

त्याची कल्पना अशी होती. एक मोठा टॅब घ्यायचा. मागच्या कॅमेऱ्याने समोरच्या माणसाचा चेहरा टिपायचा, तो टॅबभर मोठा करायचा, मागचं सगळं पुसून टाकायचं, नाक-डोळे-मिशा ठळक काळ्या करायच्या आणि तो टॅब आत्याच्या नजरेच्या कडेला धरायचा. मधलं दिसत नाही ना? मग कडेने बघू दे. आत्या त्या टॅबला "पाटी" म्हणू लागली.

पळसदरीला आत्याच्या पडवीत हे प्रयोग सुरू झाले आणि ओळखायला एक तोंड हवं म्हणून मला धरून नेण्यात आलं. मी भिंतीला टेकून बसलो. आत्या समोर. दत्तू मांडीवर लॅपटॉप घेऊन मध्ये. पहिल्याच फटक्याला लॅपटॉपवर लाल अक्षरांचा पूर आला. दत्तूचा चेहरा उजळला.

"ओरडला! गुनाचा हाय. मी दशांश दिले, ह्याला पूर्णांक पायजेत."

काहीतरी खुडखुड करून त्याने टॅब आत्यापुढे धरला. "आत्ये, काय दिसतं?"

"दूध."

"सगळं पांढरं? हां. दशांशात दिलं की हा शून्य ते एकच धरतो. एकाच्या वरचं सगळं ह्याला पांढरं. मी दोनशे पंचावन्नपर्यंत दिलेत." परत खुडखुड. "आता?"

"मिसरीचे दात."

"म्हंजे परत सांडलं." खुडखुड. "आता?"

"अवस."

अवस म्हणजे अमावस्या. असे किती तरी रविवार गेले. दूध, मिसरी, अवस, मधूनच "पेजंत पडलेली माशी". आत्या प्रत्येक वेळी मनापासून बघून सांगायची आणि दत्तू मान डोलवायचा. इतक्या चुका होऊनही हा माणूस चिडत कसा नाही, याचंच मला नवल वाटायचं. मी स्वतः दुसऱ्याच रविवारी चिडलो होतो.

आणि मग एका सकाळी त्याने पाटी धरली तशी आत्या पुढे सरकली. मान तिरपी करून बघत राहिली.

"हा सुऱ्या," ती म्हणाली. मग आणखी थोडं बघून, "केस कुठं गेले रं तुजे?"

एरवी मी या विषयावर कुणाला बोलू देत नाही. पण त्या आधी किती तरी दिवस मी न बोलता समोर बसलो की आत्या "कोन आलाय?" असं विचारायची. मी उठून बाहेर गेलो आणि उगाच कोंबड्या हाकलल्या. परत आलो तेव्हा आत्या दत्तूला सांगत होती, "येते मी. पन पाटी तू धरायची. दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायची नाय."

हळदीच्या दिवशी दुपारी भावजींच्या अंगणात मांडव गच्च भरला होता. मी कॅमेरा घेऊन आत्याच्या मागच्या बाजूला जागा धरली. चटईवर आत्या, तिला लागून पाटी घेतलेला दत्तू, समोर पाटावर पूजा, आणि पाठीमागे ओळ उचलायला बायकांचा घोळका. डीजेवाल्याला जेवायला बसवलं होतं.

आणि दत्तूने कपाळाला हात लावला. मांडवाचं कापड पिवळं. वरून रणरणतं ऊन. खाली सगळ्यांच्या तोंडाला हळद फासलेली. पाटीवर बघावं तर सगळे चेहरे एकात एक मिसळून गेलेले, नाक कुठे, मिशी कुठे, पत्ता नाही. पडवीतल्या उजेडात शिकलेली पाटी या पिवळ्यात पार गडबडली होती. दत्तू लॅपटॉप घेऊन मांडवामागे आचाऱ्याच्या टोपांमध्ये जाऊन बसला. घामाघूम होऊन काहीतरी बदललं आणि धावत परत आला, तोवर आत्याने सूर धरला होता. त्याने तशीच पाटी उचलून तिच्या नजरेच्या कडेला धरली.

पाटी काळी होती.

लाल अक्षर नाही, काही नाही. नुसती काळी. मला आत्याच्या खांद्यावरून स्पष्ट दिसत होतं आणि दत्तूलाही दिसत होतं. पूजाचे काका-काकी हळद लावायला उठले होते. मी दत्तूला हाताने खूण केली, थांबव. त्याने अगदी बारीक मान हलवली. नाही. आणि पाटी तशीच धरून बसला.

आत्याने मान तिरपी केली, त्या काळ्या पाटीकडे नीट बघितलं आणि काका-काकीचं नाव घेतलं. बरोबर. बायकांनी ओळ उचलली. मग आजोबा-आजी. बरोबर. मावशी आणि मावसा, बरोबर. मावशाचं तर टोपणनावसुद्धा घेतलं, मांडव हसला. दर खेपेला ती पाटीकडे बघायची आणि दर खेपेला दत्तू पाटी थोडी वर उचलून द्यायचा. त्याच्या शर्टाची पाठ भिजून चिंब झाली होती. मी फोटो काढायचे विसरून गेलो होतो.

मग मामाचा मान आला. आत्याच्या गाण्यात नावं येतात ती जोडीने. एकट्या माणसाला ओळ नसते. म्हणून घरातल्या आजवरच्या सगळ्या लग्नांत मामा-मामी म्हणून दत्तूचा चुलतभाऊ आणि त्याची बायको पुढे येत, आणि दत्तू त्या वेळी पाण्याचा पिंप भरला आहे का ते बघायला गेलेला असे. मी इतकी वर्षं ते बघत आलो आणि तो खरंच पाणी बघायला जातो असं समजत आलो. आज पाटी धरलेली असल्यामुळे त्याला उठता येत नव्हतं.

चुलतभाऊ आणि त्याची बायको येऊन गेले. त्यांची नावं झाली. बायका पुढच्या जोडप्याची वाट बघायला लागल्या. आत्या मात्र थांबली नाही. तिने सूर तसाच ओढला आणि पूजाचा सख्खा मामा, दत्ताराम, एवढंच गायलं. पुढे जोडीचं नाव यायचं त्या जागी तिने परत त्याचंच नाव घेतलं. बायका क्षणभर गोंधळल्या. मग एकीने ओळ उचलली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. अख्खा मांडव दत्तूचं नाव घेत होता.

रिवाजाप्रमाणे त्याने उठून पूजाला हळद लावायची होती, पण हात पाटीला अडकलेले. पूजाच पाटावरून पुढे वाकली, आपल्या गालावरची हळद बोटावर घेतली आणि त्याच्या गालाला लावली. दत्तूने पाटी सोडली नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा त्याने मला टोपांच्या आड नेलं. "समजलं मला काय झालं ते. सगळे आकडे मी शून्य ते एकच्या मधे आनले, आनि तसेच पूर्णांकाच्या डब्यात ओतले. तिथं दशांश कापले जातात. उरलं काय? शून्य." मग माझा हात धरला. "सुऱ्या, आत्याला सांगू नको. तिला वाटतंय तिला दिसलं. सांगितलंस तर परत गानार नाय ती."

मी नाही सांगणार म्हणालो.

आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. मी जवळ बसलो तशी तिने माझा गुडघा चाचपला. "सुऱ्या ना? ऐक. दत्तूला बोलू नको. पाटी अवस होती."

"मग नावं कशी घेतलीस, आत्ये?"

"कोन खाकरतं, कोनाच्या बांगड्या कशा वाजतात. सगळी माजीच तर मानसं."

"मग इतके दिवस का गात नव्हतीस?"

"भ्याले होते ना रं," ती म्हणाली. "त्या टायमाला चुकले तं आजूबाजूला सगळी होती, पन बाजूला कोन नव्हतं. आज पाटी काळी झाली, मला वाटलं आता हा उठून पळेल. तो हालला नाय. मंग मी बी हालले नाय."

एवढ्यात दत्तू तिचं ताट घेऊन आला. गालावरची हळद त्याने पुसली नव्हती. खाली बसून त्याने ताट तिच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आत्ये, पाटीवर नीट दिसत होतं ना गं?"

"तर!" आत्या म्हणाली. "लख्ख!"

दत्तूने तिचा हात धरून भाकरीवर ठेवला, मग रश्श्याच्या वाटीवर, आणि गरम आहे, जरा दमानं, असं सांगत तिच्याजवळच बसून राहिला.